रोज एकच पाहुणा?

बालदोस्तांनो, मागच्या रविवारी मी ताईकडे शनिशिंगणापूरला गेलो होतो. नेवासे तालुक्यातलं हे गाव तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. उघड्या चौथऱ्यावर शनिदेवाची शिळा, वर छप्पर नाही. आणि गावाची दुसरी ख्याती तर तुम्हांला ठाऊकच आहे. इथल्या घरांना दारं लावायची नाहीत, कुलूप घालायचं नाही, अशी पिढ्यान् पिढ्यांची रीत. चौकट असते, तिला पडदा. फार तर कुत्र्यामांजरांसाठी एखादी फळी आडवी. २०११ साली इथे बँकेची शाखा निघाली, तीसुद्धा बिनकुलपाची!

दार नसलं की काय होतं, सांगू? एका घरातलं गाणं चार घरांत ऐकू जातं. त्या दिवशी सकाळी सगळ्या आळीला जे ऐकू जात होतं, ते होतं इंग्लंडच्या कोल्डप्ले या बँडचं गाणं. लावणारा माझा भाचा. यत्ता नववी. २०२५च्या जानेवारीत हा बँड नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये तीन दिवस गाऊन गेला. भाच्याला काही जायला मिळालं नाही, पण तेव्हापासून त्यांची सगळी गाणी त्याला तोंडपाठ.

ओसरीवर ताईचे सासरे, म्हणजे आबा, पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावत बसले होते. संध्याकाळी त्यांचं भजन होतं. तेच गाणं चौथ्यांदा सुरू झालं तेव्हा ते म्हणाले, “गाणं ग्वाड हाये. पन पोरा, रोज येकच पाव्हणा जेवायला आसल्यावर घरच्यांनी कवा बसायचं रं?”

मला हसू आलं. मी भाच्याला विचारलं, “खरंच, याशिवाय दुसरं काय ऐकतोस?”

“दुसरे कोण आहेत, मामा? बाकीचे चांगले असते, तर आत्तापर्यंत माहीत नसते का झाले?”

प्रश्न बिनतोड वाटतो की नाही? मलाही क्षणभर उत्तर सुचेना. मी चहाचा कप ठेवायला आत गेलो, तर ताई हळूच म्हणाली, “दादा, हा हल्ली काही लिहीतच नाही रे. दोघा मित्रांबरोबर स्वतःचं गाणं बसवलं होतं यानं. शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हणायचं होतं. निवडीच्या वेळी सांगितलं, हे कुणाला माहीत नाही, माहितीतलं एखादं म्हणा. तेव्हापासून वही दप्तराच्या तळाशी.”

म्हणजे भाच्याचा प्रश्न कोल्डप्लेचा नव्हताच तर! ज्याला कुणी ओळखत नाही ते गाणं ऐकण्याजोगं असू शकतं का, हा त्याचा खरा प्रश्न होता. मग मी त्याच्याजवळ बसलो आणि जे सांगितलं, तेच आज तुम्हांला सांगतो.

सुरुवात त्याच्याच लाडक्या बँडपासून केली. १९९८ साली लंडनमधल्या या चार विद्यार्थ्यांनी आपली पहिली छोटी सीडी स्वतःच काढली. प्रती किती? पाचशे! त्यातल्या बहुतेक दोस्तांना आणि कंपन्यांना वाटण्यातच गेल्या. त्या दिवशी जर कुणी म्हटलं असतं, “हे चांगले असते तर माहीत नसते का झाले?” तर?

भाचा म्हणाला, “पण पुढे झालेच की माहीत.”

“हो. पण सगळ्यांचं तसं होत नाही,” मी म्हटलं. “आता जरा मागे जाऊ.”

९ फेब्रुवारी १९६४. इंग्लंडच्या लिव्हरपूल शहरातले चार तरुण, म्हणजे बीटल्स, अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात गायले. सुमारे सात कोटी तीस लाख माणसांनी तो कार्यक्रम पाहिला. त्यांच्यामागून इंग्लंडचे बँड एकामागून एक येऊ लागले. अमेरिकेतली वर्तमानपत्रं त्याला चक्क ‘ब्रिटिश चढाई’ म्हणू लागली. एवढा बलाढ्य देश, पण तिथल्या पोरांच्या तोंडीही पाहुण्यांचीच गाणी! पाहुणे गुणी होते, यात शंकाच नाही. पण गावोगावी जे घरचे गाणारे होते, त्यांच्याकडे कुणी पाहायचं?

त्यासाठी एक वर्ष लक्षात ठेवा : १९८४. त्या एका वर्षात चार वेगवेगळ्या गावांत काय काय चाललं होतं, ते बघा. या चौघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता.

पहिलं गाव अमेरिकेतलं मिनिआपोलिस. हिवाळ्यात तळी गोठतात एवढी तिथे थंडी. तिथे ‘द रिप्लेसमेंट्स’ नावाचा बँड होता. १९७९ साली तो जमला तेव्हा त्यातला टॉमी स्टिन्सन होता बारा-तेरा वर्षांचा! पोरगं उनाडक्या करत फिरू नये म्हणून थोरल्या भावानं त्याच्या हातात बेस गिटार दिली होती. (बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, खर्जात वाजणारी गिटार.) १९८४ साली या बँडनं एक अल्बम काढला आणि त्याला नाव दिलं ‘लेट इट बी’. अहो, हे तर बीटल्सच्या गाजलेल्या अल्बमचं नाव! एवढ्या मोठ्या पाहुण्याचं नाव खुशाल उचललं, पण आतली बहुतेक गाणी स्वतःची.

त्याच भागात दुसरा बँड होता ‘हुस्कर डू’. हे नाव एका घरगुती खेळाचं. आपण पत्ते उलटे ठेवून जोड्या लावतो ना, तसला स्मरणशक्तीचा खेळ. मूळ शब्द डेन्मार्ककडचे, अर्थ ‘आठवतं का तुला?’ तिघांच्या या बँडनं १९८४ साली मोठा दोन तबकड्यांचा अल्बम काढला. छोट्या कंपनीनं प्रती थोड्याच छापल्या होत्या. त्या भराभर संपल्या. बँड गाडी घेऊन गावोगाव गातोय, लोक दुकानात विचारताहेत, आणि दुकानात रेकॉर्डच नाही!

अशा बँडना म्हणतात ‘इंडी’, म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. ही गाण्याची जात नव्हे बरं का, ही गाणं लोकांपर्यंत नेण्याची रीत आहे. मोठ्या कंपनीनं बोलवायची वाट बघायची नाही. छोट्या कंपनीकडून, नाहीतर पदरमोड करून तबकडी काढायची, जुन्या गाडीत वाद्यं कोंबायची आणि मिळेल तिथे गायचं. त्यांचं गाणं वाजवणार कोण? तर कॉलेजातली मुलं. अमेरिकेत बऱ्याच कॉलेजांची स्वतःची रेडिओ केंद्रं असतात आणि ती विद्यार्थीच चालवतात. जाहिरातदारांची मर्जी सांभाळायची नसते, म्हणून त्यांना आवडेल ते वाजवता येतं. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या कॉलेजच्या गावातला ‘आर.ई.एम.’ हा बँड असाच वर आला. १९८१ साली पहिली तबकडी एका चिमुकल्या कंपनीकडून; आणि मेंडोलिनच्या साध्या सुरांवर उभं असलेलं त्यांचं गाणं जगभर गाजलं ते १९९१ साली. मध्ये दहा वर्षं! तोवर त्यांना कुणी जपलं? ज्यांनी मुद्दाम शोधून ऐकलं, त्यांनी.

पण हुस्कर डू १९८८ साली थांबले आणि रिप्लेसमेंट्स १९९१ साली. मोठा पैसा, मोठं नाव त्या काळात त्यांच्या वाट्याला आलं नाही. मात्र त्यांच्यामागून आलेले कितीतरी नामवंत बँड आजही सांगतात, की आम्ही यांचं ऐकून शिकलो.

भाचा गप्प होता. मी म्हटलं, “आता दुसरं गाव.”

कॅनडातलं किंग्स्टन. १९८४ सालीच तिथे ‘द ट्रॅजिकली हिप’ नावाचा बँड सुरू झाला. शेजारच्या अमेरिकेत त्यांचं नाव फारसं कधी झालंच नाही. पण कॅनडात? त्यांच्या गाण्यांत कॅनडातली गावं यायची, तिथल्या बर्फातल्या हॉकीच्या गोष्टी यायच्या. पुढे त्यांचा गायक गॉर्ड डाउनी याला मेंदूचा असाध्य आजार झाला. तरी तो शेवटच्या दौऱ्यावर निघाला. २० ऑगस्ट २०१६ रोजी आपल्याच गावात, किंग्स्टनमध्ये, त्यांनी शेवटचा कार्यक्रम केला. तो सरकारी टीव्हीनं थेट दाखवला आणि सुमारे एक कोटी सतरा लाख लोकांनी पाहिला. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश देश! पुढच्या वर्षी डाउनी गेला. जगाला फारसा माहीत नसलेला माणूस, पण त्याच्यासाठी सगळा देश एका संध्याकाळी थांबला होता.

कॅनडानं आणखी एक गंमत केली होती. एका बाजूला अमेरिका, समुद्रापलीकडे इंग्लंड. रेडिओवर घरची गाणी लागेचनात. म्हणून १९७१ साली नियम झाला, की रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यांतली निदान शेकडा तीस कॅनडातली हवीत. पाहुण्यांना बंदी नाही. दहातली सात खुशाल बाहेरची वाजवा, पण तीन पाटं घरच्यांची! आता गाणं घरचं की बाहेरचं, हे ठरवायचं कसं? त्यासाठी चार प्रश्न. चाल कॅनडातल्या माणसाची आहे का? गाणारा-वाजवणारा कॅनडाचा आहे का? ध्वनिमुद्रण कॅनडात झालं का? शब्द कॅनडातल्या माणसाचे आहेत का? चारांतली दोन उत्तरं ‘हो’ आली की गाणं पास.

“आणि आपल्याकडे?” भाच्यानं विचारलं. मी याचीच वाट बघत होतो.

तिसरं गाव आपल्या शेजारचं, गोव्यातलं शिवोली. तिथले रेमो फर्नांडिस मुंबईला वास्तुकला शिकून आलेले. बीटल्ससारख्या बँडची गाणी ऐकतच लहानाचे मोठे झालेले. पण त्यांना स्वतःच्या गावाची, गोव्याच्या माणसांची गाणी करायची होती. त्यांनी घरातच चार ट्रॅकचं एक कॅसेट यंत्र मांडलं. हे यंत्र कसं चालतं, माहीत आहे? टेपच्या पट्टीवर चार रांगा असतात, वहीवरच्या चार ओळींसारख्या. पहिल्या रांगेत तबला-ढोल काय असेल ते वाजवून भरायचं. मग ते कानाला लावून ऐकत ऐकत दुसऱ्या रांगेत गिटार, तिसऱ्या रांगेत आणखी काही, चौथ्या रांगेत आवाज. चारही एकदम सुरू केलं, की एकच माणूस चार जणांचा बँड होतो! अशा रीतीनं जवळजवळ सगळं एकट्यानं गाऊन-वाजवून त्यांनी ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट काढली. साल? १९८४! आणि कॅसेटी विकायला कोण गेलं? तेच, स्वतःच्या स्कूटरवरून, दुकानोदुकानी. ऐकणाऱ्यांनी ती उचलून धरली. पुढे १९८७च्या ‘जलवा’ या हिंदी चित्रपटातल्या गाण्यानं ते देशभर पोचले आणि २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

चौथं गाव मुंबई. तिथे १९८४ सालीच ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला. त्या काळी आपल्याकडच्या रॉक बँडकडून लोकांची एकच मागणी असायची : अमक्या इंग्रजी बँडचं वाजवा, तमक्या अमेरिकन बँडचं वाजवा. हुबेहूब वाजलं की टाळ्या. या मुलांनी स्वतःची गाणी वाजवायचा हट्ट धरला आणि १९८८ साली स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. १९९३ साली तर नावही बदललं. ‘इंडस क्रीड’ असं आपल्या सिंधू नदीचं नाव घेतलं. अशा बँडसाठी मुंबईत १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा मेळावा भरू लागला. बरीच वर्षं तो रंगभवनच्या उघड्या रंगमंचावर भरायचा. त्यालाही छप्पर नव्हतं, इथल्या चौथऱ्यासारखंच! पुढे आसपासचा भाग शांतता क्षेत्रात आला आणि तिथलं गाणं थांबलं. पण तोवर कितीतरी मुलांनी तिथे आपलं पहिलंवहिलं गाणं लोकांसमोर म्हटलं होतं.

एवढं सांगून झाल्यावर मी म्हटलं, “आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच दे. ‘चांगले असते तर माहीत झाले असते’ हे खरं का?”

तो म्हणाला, “काही झाले, काही नाही झाले. पण आधी कुणीतरी ऐकलं, म्हणून झाले.”

शाबास! आणि उलटंही खरं नाही, हे ध्यानात ठेवा हं. जे अनोळखी ते सगळं उत्तम आणि जे गाजलं ते टाकाऊ, असं मुळीच नाही. काही अनोळखी गाणी ऐकून मीही कान झाकून घेतलेत! पण पेपर न तपासताच कुणाला नापास करायचं का? एवढंच म्हणणं.

इतका वेळ पखवाज मांडीवर घेऊन ऐकत बसलेले आबा मध्येच म्हणाले, “पाव्हणं, ते क्यानडाचे चार सवाल आमच्या भजनाला लावून बघा की.”

लगेच परीक्षा सुरू! भाचाच परीक्षक झाला. शब्द कुणाचे? तुकोबांचे, आपलेच. चाल? आबांच्या गुरूंनी शिकवलेली. गाणारे? आबा आणि त्यांचे सोबती. पूर्वी मंडळात चौदा जण होते, आता चौघंच उरलेत. आणि गायचं ठिकाण हीच ओसरी. चारांपैकी चार!

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आणि तुझ्या वहीतलं गाणं?”

त्यानं एकदम वर बघितलं. मग ताईकडे. मग जमिनीकडे. शब्द त्याचे. चाल त्याची आणि मित्रांची. गाणारे तेच तिघं. जागा, शाळेमागचं चिंचेचं झाड. तो काही बोलला नाही, पण हिशेब त्याला कळला होता.

संध्याकाळी भजन झालं. चौघांचं. दार नसल्यामुळे आजूबाजूची दोन-तीन पोरं पडद्याआडून डोकावली आणि आत येऊन बसली. भाच्यानं मोबाइलवर सगळं ध्वनिमुद्रित केलं. पखवाज फार मोठा येतोय म्हणून मोबाइल उचलून टाळकऱ्यांच्या बाजूला ठेवला. नंतर आबांना ऐकवलं. आयुष्यभर गाणाऱ्या त्या माणसानं स्वतःचा आवाज असा पहिल्यांदाच ऐकला. “ह्यो मी व्हय?” म्हणाले, आणि “फिरून लाव” म्हणाले.

त्याच रात्री ताईच्या घरात कॅनडाचा कायदा लागू झाला आहे. दहा गाण्यांत तीन घरची किंवा अनोळखी. बाकी सात कोल्डप्लेची असली तरी चालतील. स्वतःचं गाणं भाच्यानं मला अजून ऐकवलेलं नाही. मी मागितलंही नाही. पण निघताना पाहिलं, वही दप्तराच्या तळातून निघून मोबाइलशेजारी कोनाड्यात आली होती.

आता या आठवड्याचा गृहपाठ. दोन गाणी ऐका : एक पाहुण्याचं, जगभर गाजलेलं, दुसरं तुमच्या पंचक्रोशीतल्या कुणाचं तरी. शाहीर असेल, वासुदेव असेल, वरातीतला क्लॅरिनेटवाला असेल, नाहीतर कॉलेजातला एखादा नवा बँड असेल. दोन्ही तीन-तीन वेळा ऐका. एकदा ऐकून अनोळखी गाणं पुष्कळदा आवडत नाही, ओळख व्हायला वेळ लागतो. मग वहीत लिहा : शब्द कुणाचे, चाल कुणाची, कोणकोणती वाद्यं ऐकू आली, आणि तिसऱ्यांदा ऐकताना पहिल्यापेक्षा वेगळं काय सापडलं. गाणारा भेटला, तर त्याला ते सांगा. त्याला फार बरं वाटेल.

आणि आईबाबांना एक विनंती. मुलानं स्वतः रचलेलं काही म्हणून दाखवलं, तर “हे कुठलं गाणं? कधी ऐकलं नाही” असं पटकन म्हणू नका. कधी ऐकलेलं नाही, म्हणूनच ते म्हणून दाखवतोय ना तो! निदान दोन वेळा ऐका.

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर कान उघडे ठेवा!